शिलाई मशीनचं स्टँड: उंची जुळत नाही, जुळवली तर टिकत नाही

शिवायला बसलं की तासाभरात मान आखडते. कुणीतरी सांगतं, टेबल उंच कर. पायांखाली लाकडाचे तुकडे सरकवले जातात. दोन दिवस बरं वाटतं, मग मानेऐवजी खांदे धरतात आणि वर मशीन डुलायला लागतं ते वेगळंच. स्टँडच्या उंचीची तक्रार माझ्यापर्यंत येते ती बहुतेक वेळा या टप्प्यावर. तोवर स्टँडशी बरीच झटापट झालेली असते, पण माप मात्र कुणी घेतलेलं नसतं.

म्हणून मूळ मुद्दा आधीच सांगतो. शिवणकामात उंची एक नसते, तीन असतात: बसायची जागा, पायडल आणि नीडल प्लेट. कापड जिथे सरकतं ती जागा नीडल प्लेटची, त्यामुळे टेबलाची फळी किती उंच आहे याला तितकंसं महत्त्व नाही. या तिन्हींपैकी एक हलवली की उरलेल्या दोन बिघडतात. नुसतं स्टँड वरखाली करून दुखणं जात नाही ते यामुळेच.

खालची तपासणी स्वस्त आणि सोप्या गोष्टींपासून सुरू होते. क्रम मोडू नका. पाना हातात न घेताच सुटतील अशा तक्रारी तुम्हाला वाटतं त्यापेक्षा जास्त असतात.

लक्षणं

- खांदे कानांकडे चढतात, कोपरं बाहेर फाकतात, मानेच्या मुळाशी जळजळ होते. नीडल प्लेट तुमच्या मानाने उंच आहे.
- पाठीला पोक येतो, कपाळ सुईजवळ जातं, कंबर धरते. प्लेट खाली आहे, किंवा तुम्ही मशीनपासून लांब बसला आहात, किंवा दिसत नाहीये. तिन्हींत लक्षण तेच, उपाय मात्र वेगळे.
- मांडी किंवा गुडघा फळीच्या खालच्या कडेला, ड्रॉवरला किंवा पट्टीला लागतो.
- एकाच पायाची पोटरी किंवा एकाच बाजूची कंबर दुखते. हा दोष स्टँडचा क्वचित, पायडलच्या जागेचा बहुतेकदा.
- ठरावीक वेगाला मशीन थरथरतं, कात्री आपोआप कडेकडे सरकते.
- उंची जुळवली होती, पण काही दिवसांत एक बाजू खाली बसली.
- उंची वाढवल्यापासून पट्टा घसरतो, मशीन जड चालतं, किंवा स्विच लावताच मशीन आपलं आपण पळतं.

शेवटचं लक्षण असेल तर बाकी काही करण्याआधी प्लग काढा आणि थेट पायडलच्या दांडीबद्दल आणि त्यापुढे पट्ट्याबद्दल लिहिलेला भाग वाचा.

पहिली तपासणी: टेप घेऊन बसा

यासाठी दुसरा माणूस लागतो, कारण बसल्याबसल्या स्वतःचं माप घ्यायला वाकलं की माप चुकतं. नेहमीच्या खुर्चीवर, नेहमीच्या उशीसकट, पूर्ण भार टाकून बसा. खांदे सैल सोडा, कोपर काटकोनात वाकवा. आता जमिनीपासून चार मापं घ्या: कोपराची खालची बाजू, नीडल प्लेट, मांडीचा सर्वात वरचा भाग आणि फळीखाली जे सर्वात खाली लोंबतं ते, मग ती फळीची कड असो, ड्रॉवर असो की मोटर.

प्लेट कोपराच्या उंचीला किंवा कोपरापेक्षा चार-पाच सेंमी वर असावी. लिहिण्याच्या टेबलापेक्षा हे किंचित उंच वाटेल, पण शिवताना नजर सुईवर रोखलेली असते. प्लेट कोपराच्या खाली गेली की डोकं तिच्या मागे खाली जातं. उलट ती कोपरापेक्षा आठ-दहा सेंमी वर गेली की हात तोलून धरायचं काम खांद्यांवर पडतं. मांडी आणि फळी यांच्यामध्ये सपाट तळहात सहज फिरेल एवढी जागा हवी.

एक उदाहरण घेऊ. खुर्ची ४५ सेंमी, त्यावर बसल्यावर कोपर ६७ सेंमीवर. साधं टेबल ७५ सेंमी, त्यावर घरगुती मशीन नुसतं ठेवलेलं. अशा मशीनचा तळच सात-आठ सेंमी जाड असतो, म्हणजे नीडल प्लेट गेली ८३ सेंमीवर. कोपरापेक्षा १६ सेंमी उंच. पाच सेंमी चालतात असं धरलं तरी ११ जास्त. इथे "टेबल उंच कर" हा सल्ला मानला तर दुखणं वाढणारच.

मग खुर्ची ११ सेंमीने वर घ्यावी का? मांडीचा वरचा भाग आधी ५९ सेंमीवर असेल तर तो ७० वर जातो. फळी तीन सेंमी जाड असेल तर तिची खालची बाजू ७२ वर. राहिले दोन सेंमी, आणि ड्रॉवर असला तर तेवढेही नाहीत. पाय लोंबकळतात ते वेगळं. त्याऐवजी मशीन फळीत खाच करून आठ सेंमी खाली बसवलं तर प्लेट ७५ वर येते आणि खुर्ची फक्त तीन सेंमी वर घेऊन काम भागतं. स्टँडचा एक बोल्टही हलवावा लागत नाही.

ही चार मापं कागदावर लिहून ठेवा. पुढच्या प्रत्येक तपासणीत ती लागतील.

दुसरी: खुर्ची

फोमची गादी बसल्यावर दबते. नवी असताना थोडी, वर्षभरात बरीच. "पूर्वी दुखत नव्हतं, हल्लीच दुखायला लागलं" असं कुणी म्हटलं की मी स्टँडकडे न बघता आधी गादी दाबून बघतो. गादी दबली म्हणजे कोपर तेवढंच खाली आलं, म्हणजे मशीन तेवढंच उंच झालं. घट्ट फोम किंवा घडी घातलेली सतरंजी टाकून दोन दिवस शिवून बघा.

चाकांची खुर्ची शिवणकामाला त्रासदायक. पायडल दाबलं की ती मागे सरकते आणि तुम्ही पुढे वाकून ते अंतर भरून काढता. चाकं काढून त्याजागी स्थिर बूट बसवता येतात, किंवा चाकं अडवता येतात. खुर्ची वर घेतल्यावर टाचा उचलल्या जात असतील तर पायाखाली पाट हवा. पायडलही त्याच पाटावर ठेवायचं, जमिनीवर नाही. नाहीतर एक पाय वर, एक खाली, आणि कंबर तिरकी.

तिसरी: दिसतंय का?

ही तपासणी फुकटची आहे आणि तरीही सगळे वगळतात. मशीन बंद ठेवून सरळ बसा. सुईचं नेढं आणि प्रेशर फूटची, म्हणजे कापड दाबून धरणाऱ्या पट्टीची, कड स्पष्ट दिसते का बघा. दिसत नसेल तर डाव्या बाजूने दिवा सुईवर टाका आणि पुन्हा बघा. दिवा लावल्यावर वाकायची गरज उरत नसेल तर स्टँडची उंची ठीक आहे, दिवा लावा आणि थांबा. दोन भागांचा चष्मा असणारे खालच्या भिंगातून बघण्यासाठी हनुवटी वर उचलतात आणि मान मागच्या बाजूने दुखते. त्यांनी सुईपर्यंतचं अंतर मोजून, शिवणकामापुरता वेगळा चष्मा चष्मेवाल्याकडून करून घ्यावा.

चौथी: पायडल आणि तुमची बसायची जागा

बहुतेक जण मशीनच्या मध्यासमोर बसतात. सुई मात्र मध्यावर नसते, डावीकडे असते. नाकाची रेघ सुईच्या रेषेत आली पाहिजे. ती आली नाही की कंबर दिवसभर डावीकडे पिळलेली राहते आणि दोष येतो टेबलावर. खुर्ची डावीकडे सरकवली की पायडलही तिच्याबरोबर सरकवा.

विजेचं सुटं पायडल गुळगुळीत फरशीवर हळूहळू पुढे पळतं. पाय त्याच्या मागे जातो, पायाच्या मागे कंबर. खाली जाळीचं रबर टाका. गुडघा काटकोनापेक्षा थोडा उघडा आणि टाच टेकलेली, एवढं जमलं की पायडल जागेवर आहे.

पायाने चालवायच्या लोखंडी मशीनवर पायटा, म्हणजे पायाने हलवायची लोखंडी पाटी, जागेवरून हलत नाही, म्हणून तिथे खुर्चीच पुढेमागे करावी लागते. दोन्ही पाय पायट्यावर ठेवा, एक थोडा पुढे आणि एक मागे. नुसत्या एका पायाने चालवलं तर त्या बाजूची कंबर संध्याकाळी बोलतेच.

पाचवी: मशीन फळीवर कसं बसलंय

घरगुती मशीनच्या तळाचे चारही रबरी बूट आहेत का, हे मशीन उलटून बघा. एखादा गळून पडलेला असतो. मग मशीन तीन पायांवर डगमगतं आणि दोष स्टँडला लागतो.

इथेच एक स्वस्त उपाय करून बघण्यासारखा आहे. मशीनच्या मागच्या दोन बुटांखाली रबराची पाचर ठेवून मशीन किंचित तुमच्याकडे कलतं करा. सुईची जागा नजरेसमोर येते आणि मान तेवढी कमी वाकते. दहा अंशांच्या आत ठेवा, पुढे घसरू नये म्हणून खाली न सरकणारी चटई हवीच. खाली तेलाचा ट्रे असलेल्या कारखान्याच्या मशीनला मात्र हा उपाय करू नका. तिथे तेल एका बाजूला साचतं आणि पंपाला कमी पडू शकतं.

सहावी: डगमग जमिनीची की स्टँडची

आता स्टँडकडे वळायचं. फळीचा एक कोपरा दाबा आणि कोणता पाय उचलला जातो त्यावर खडूने खूण करा. मग स्टँड दुसऱ्या जागी नेऊन उलट्या दिशेला फिरवून ठेवा आणि पुन्हा दाबा. तोच खुणेचा पाय उचलला गेला तर स्टँड वाकडं आहे. दुसराच पाय उचलला गेला तर जमीन वरखाली आहे. जमिनीसाठी स्टँडचे बोल्ट फिरवत बसणाऱ्यांचे दिवस वाया जातात. तिथे पायाखाली रबराची चकती पुरते, किंवा पायाला स्क्रूचे बूट असतील तर एक-दोन आटे फिरवायचे.

कागदाची घडी ठेवू नका. थरथरीने ती दबत जाते आणि आठवड्याने तक्रार परत येते.

सातवी: सरकत्या पायांचे बोल्ट

ज्या स्टँडच्या पायात एक पाइप दुसऱ्यात सरकतो आणि बाहेरून बोल्टने दाबला जातो, त्यांचं "एक बाजू खाली बसते" हे नेहमीचं रडगाणं. ते बसतं का, हे डोळ्यांनी ठरवू नका. आतला पाइप जिथे बाहेरच्यात शिरतो तिथे प्रत्येक पायावर खिळ्याने बारीक रेघ ओढा, आठवडाभर शिवा, मग बघा. रेघ आत गेली असेल तर बोल्ट सरकतोय.

बोल्ट सोडून आतला पाइप बाहेर काढला की त्यावर सगळी कथा लिहिलेली असते. बोल्टचं टोक जिथे दाबतं तिथे एकच गोल ठिपका असेल तर पकड चांगली होती. ठिपक्यापासून वरच्या बाजूला खरवडल्याची उभी लांब रेघ गेलेली असेल, तर पाइप बोल्टखालून घसरत खाली उतरला आहे. रेघेच्या कडेला रंगाचे पापुद्रे आणि काळं तेल दिसलं तर कारणही कळलं. पकड घर्षणाची आहे, आणि तेलकट रंगावर घर्षण कुठून येणार?

त्या पट्ट्यातलं तेल पुसा, सुटा रंग सँडपेपरने काढा, बोल्टखाली स्प्रिंग वॉशर घाला आणि पाना लावून घट्ट करा. बोल्टचं टोक चपटं झालं असेल तर बोल्ट बदला. बोल्ट घट्ट होतच नाही, नुसता फिरत राहतो, तर आटे गेले आहेत, आणि आणखी जोर लावून ते परत येणार नाहीत.

एवढं करूनही पाय बसत असेल तर आरपार पिन हाच कायमचा इलाज. दोन्ही पाइपांना आरपार भोक पाडून त्यात पिन किंवा बोल्ट घालायचा. मग भार घर्षणावर राहत नाही, पिनच्या लोखंडावर जातो. आतल्या पाइपला अडीच-तीन सेंमीच्या अंतराने भोकांची रांग पाडली की तेच स्टँड टप्प्याटप्प्याने वरखाली करता येतं. मला विचाराल तर घरच्या घरी उंची बदलणारं स्टँड करायचं असेल तर याहून भरवशाची पद्धत नाही. भोकं चारही पायांत अगदी एका मापावर पडली पाहिजेत, म्हणून एका पट्टीवर आधी भोकं पाडून तीच पट्टी चारही पायांना लावून खुणा करा. पाइप पातळ असेल तर भोकं पाइपच्या रुंदीच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा मोठी नकोत.

उंची प्रत्यक्ष बदलताना

प्लग काढा. क्लच मोटर (पायडल दाबलं नसतानाही सतत फिरणारी) असेल तर स्विच बंद केल्यावरही ती काही वेळ फिरत राहते, ती थांबेपर्यंत पायडलला आणि पट्ट्याला हात लावू नका. कारखान्याच्या मशीनचं डोकं, म्हणजे फळीवरचा शिवणारा भाग, बिजागरीवर नुसतं टेकलेलं असतं, स्टँड कललं तर ते मागे किंवा पुढे उलटतं. डोकं उचलून बाजूला ठेवा. डोकं, मोटर आणि फळी मिळून वजन ४०-५० किलोच्या घरात जातं. एकट्याने एका हाताने फळी तोलून दुसऱ्या हाताने बोल्ट सोडायचा प्रकार बोटं चिरडणारा आहे. फळीखाली पक्का ठोकळा लावा, मगच बोल्ट सैल करा, आणि तो पूर्ण काढू नका.

दोन्ही बाजूंना जोडणारा आडवा दांडा आधी सैल करायचा आणि सर्वात शेवटी घट्ट करायचा. तो घट्ट ठेवून एक बाजू उचलली तर सांगाडा पिळला जातो. मग सगळे बोल्ट कसले तरी एक पाय अधांतरी राहतो. एका वेळी एका बाजूला एक-दीड सेंमी, मग दुसरी बाजू, असं चढत जा. शेवटी फळीवर स्पिरिट लेव्हल ठेवून दोन्ही दिशांनी बघा.

आणि कितीही उंची हवी असली तरी आतला पाइप बाहेरच्यात त्याच्या रुंदीच्या तिप्पट तरी आत राहिला पाहिजे. ४० मिमीचा पाइप असेल तर १२ सेंमी. त्याहून कमी आत राहिला की जोडाला पकड उरत नाही, आणि ती कोणताही बोल्ट भरून काढत नाही.

पायडलची दांडी

कारखान्याच्या मशीनची मोटर फळीखाली टांगलेली असते, त्यामुळे स्टँड वर घेतलं तरी डोकं आणि मोटर बरोबरच वर जातात, पट्ट्याला काही होत नाही. पण पायडल खालच्या दांड्यावर बसलेलं असतं. फळी वर गेली की पायडलपासून मोटरच्या आकड्यापर्यंतची दांडी तोकडी पडते आणि आकडा सतत खाली ओढलेला राहतो. स्विच लावला की मशीन पाय न लावता पळतं ते यामुळे. सुईखाली बोट असेल तर काय होईल ते सांगायला नको.

म्हणून उंची बदलण्याआधी ही दांडी सैल करायची आणि नंतर पुन्हा जुळवायची. तिच्यावर लांबी बदलायचा स्क्रू असतो. पाय काढल्यावर मशीन पूर्ण थांबलेलं आणि पायडल पायाला नैसर्गिक वाटेल अशा उतारावर, एवढं साधलं की झालं. पहिल्यांदा स्विच लावाल तेव्हा प्रेशर फूट वर उचलून ठेवा आणि हात मशीनपासून लांब ठेवा.

पायट्याच्या मशीनचा पट्टा

इथे लोक दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत करतात. पूर्ण लोखंडी स्टँडच ठोकळ्यांवर चढवलं तर पट्ट्याला धक्का लागत नाही, पण पायटाही तेवढाच वर जातो. मांडी आणि फळी यांच्यातलं अंतर होतं तेवढंच राहतं. म्हणजे गुडघा लागण्याची तक्रार ठोकळ्यांनी कधीच सुटत नाही. ती सोडवायची तर लोखंडी सांगाडा आणि फळी यांच्यामध्ये लाकडाच्या पट्ट्या घालून फक्त फळी वर घ्यावी लागते, लांब बोल्ट वापरून.

फळी पाच सेंमी वर गेली की पट्टा साधारण दुप्पट, म्हणजे दहा सेंमी जास्त लागतो, कारण तो वर जातो आणि परत खालीही येतो. जुना पट्टा ताणून बसवू नका. ताणलेल्या पट्ट्याने मशीन जड होतं, पाय दुखतो, आणि तुम्ही पुन्हा उंचीलाच दोष देता. नवा चामड्याचा पट्टा घ्या, बोटाने दाबल्यावर थोडा लवेल इतपत ठेवून कापा आणि तारेच्या आकड्याने जोडा. जोड चाकावरून जाताना टकटक वाजत असेल तर आकडा पकडीने आणखी दाबून बसवा.

ठोकळेच वापरायचे असतील तर प्रत्येकात पायाच्या किंवा चाकाच्या मापाचा खळगा कोरा. सपाट ठोकळ्यावरून पाय थरथरीने सरकत जातो. सुट्या विटा तर नकोच.

आठवी: उंच केल्यावर डुलतं

फळी दोन्ही हातांनी धरून आधी डावी-उजवीकडे हलवा, मग पुढे-मागे. डावी-उजवीकडे डुलत असेल तर बोल्ट कसून उपयोग नाही, मागच्या बाजूला तिरका आधार नाही हे कारण. चार बाजूंची चौकट कितीही घट्ट असली तरी तिरकी होऊ शकते, त्रिकोण होत नाही. मागच्या दोन पायांना कोपऱ्यातून कोपऱ्यात एक लोखंडी पट्टी बोल्टने मारा, डुलणं तिथेच थांबतं. पुढे-मागे डुलत असेल तर जमिनीवरचे पाय उंचीच्या मानाने आखूड पडतात. ते लांब करावे लागतात, किंवा स्टँड भिंतीला टेकवून धरावं लागतं.

थरथर ठरावीक वेगालाच येते आणि वेग वाढवला की कमी होते, असं असेल तर बोल्ट ढिला नाही. मिनिटाला ८०० टाके म्हणजे सुईचा दांडा सेकंदाला तेरा वेळा वरखाली होतो. स्टँडची स्वतःची डुलण्याची लय त्याच आसपास असली की झोपाळ्याला योग्य वेळी धक्के मिळावेत तसं होतं. स्टँड उंच केलं की ही लय मंदावते, म्हणून पूर्वी कधी न थरथरलेलं मशीन उंची वाढवताच थरथरतं. तिरकी पट्टी मारा, स्टँडच्या तळाला वजन ठेवा, पायाखाली जाड रबर घाला. याच क्रमाने.

उंची यंत्राने बदलायची असेल

मोटरवर वरखाली होणारी तयार टेबलं शिवणकामाला चालतात, पण खालच्या उंचीवर. पूर्ण वर नेली की ती डुलतात, कारण दोन खांबांच्या मध्ये मागे तिरका आधार नसतो. वायर सर्वात वरच्या उंचीलाही सैल राहील इतकी लांब ठेवा. उभं राहून शिवायचा बेत असेल तर एवढं लक्षात घ्या की पायडल दाबताना सगळा भार एका पायावर येतो. तास-दोन तास असं शिवणं मी कुणालाच सुचवणार नाही. उंच टेबल कापड बेतायला आणि कापायला वापरा, शिवायला बसा.

ऑफिसच्या खुर्चीचा एकखांबी गॅसचा पाया काढून त्यावर फळी बसवणं, किंवा गाडीचा जॅक फळीखाली लावणं, हे करू नका. पहिल्यात फळी गरगर फिरते. दुसरा उचलण्यासाठी असतो, थरथर सोसत तासन्‌तास भार धरून ठेवण्यासाठी नाही.

इथे थांबा, जाणकाराला बोलवा

बिडाच्या स्टँडला तडा दिसला तर. बीड साध्या वेल्डिंगने जोडलं की थंड होताना शेजारीच पुन्हा तडकतं. ते काम करणारा वेगळा कारागीर लागतो.

पाइप आतून गंजलेला असेल, टोकावर ठोकल्यावर पापुद्रे पडत असतील, तर भोकं पाडू नका. पाय बदलून घ्या.

वेल्डिंग करायचं झालंच तर ते वेल्डरकडूनच, आणि त्याआधी मशीनचं डोकं, मोटर आणि मोटरचा कंट्रोल बॉक्स स्टँडवरून पूर्ण उतरवून. वेल्डिंगचा प्रवाह सांगाड्यातून गेला तर आतलं इलेक्ट्रॉनिक्स जळतं. पाइपवर जस्ताचा थर असेल तर तो घासून काढायला सांगा, त्याचा धूर विषारी असतो.

फळीला हात लावला की झिणझिणतं, मोटरला जळका वास येतो, किंवा वायरचं आवरण पायाच्या जोडात चेमटलं आहे: प्लग काढा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. टेप गुंडाळून पुढे शिवत राहू नका.

दांडी जुळवूनही मशीन पाय न लावता पळत असेल तर मोटरचा क्लच किंवा पायडलचा सेन्सर बिघडला आहे. ते मशीन दुरुस्त करणाऱ्याचं काम.

आणि उंची जुळली, दिवा आहे, खुर्ची ठीक आहे, तरी दोन-तीन आठवड्यांत दुखणं ओसरलं नाही तर डॉक्टरकडे जा. रात्री बोटं बधिर होत असतील, मुंग्या येत असतील, कात्री हातातून निसटत असेल किंवा कळ मानेपासून हातात उतरत असेल, तर तेवढीही वाट बघू नका. जाताना ती चार मापं लिहिलेला कागद बरोबर न्या. तुम्ही कसं बसता ते त्यावरून डॉक्टरांना लगेच कळेल.